सातव्या कॅव्हिटीतला ठसा

धम्मदीपची आई जाऊन दोन महिने झाले होते आणि तो अजून रडला नव्हता. हडपसरच्या प्रयोगशाळेत मात्र तो रोज वेळेवर हजर असे. कण-त्वरकात बसवायची नायोबियमची पोकळ कॅव्हिटी द्रवरूप हेलियममध्ये बुडवायची, आत विद्युतक्षेत्र चढवत न्यायचं आणि धातूची अतिवाहकता कुठे दगा देते ते नोंदवायचं. अशा कामात मन लागलं नाही तरी भागतं.

सातवी कॅव्हिटी तिसऱ्यांदाही मीटरमागे एकतीस मेगाव्होल्टवरच कोलमडली. हवे होते पस्तीस. बाहेरून चिकटवलेल्या तापमापकांपैकी त्रेचाळीस नंबरचा तेवढा दर वेळी तापत होता. आत कॅमेरा सोडला, तर नेमक्या त्या जागी अंगठ्याचा ठसा.

आत धुळीचा कणही चालत नाही, तिथे हात कोण लावणार? आणि मधल्या कप्प्यापर्यंत हात पोचणारच नाही, इतकं तोंड अरुंद.

"सर, मी डबल ग्लोव्ह्ज घातले होते," कल्याणी म्हणाली. जुळणी तिने केली होती आणि तिचं कंत्राट शुक्रवारी संपत होतं.

"मग भुताचा असेल," विभागप्रमुख पुष्कर म्हणाले. "पुढच्या वेळी त्यालाही ग्लोव्ह्ज द्या. धम्मदीप, ॲसिडने आतला थर काढून टाका. आणि हिला मुदतवाढ नको."

कल्याणीने धम्मदीपकडे पाहिलं. हात तिथे पोचत नाही, एवढंच त्याने बोलायचं होतं. तिची दया यायला हवी होती. आली नाही. त्याने मुदतवाढ नाकारणाऱ्या कागदावर सही केली.

बुधवारी ॲसिडचा पंप सुरू झाला. तिसऱ्या मिनिटाला त्याचा उजवा अंगठा चुरचुरला.

मग भाजू लागला.

दोन महिन्यांत पहिल्यांदाच काहीतरी जाणवत होतं. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पंपाचं बटण हाताशी होतं. त्याने पंप चालू दिला.

शुक्रवारी कॅव्हिटी पस्तीस ओलांडून गेली. सगळे तापमापक थंड.

संध्याकाळी फाटकावरच्या हजेरीच्या यंत्रावर कल्याणीने शेवटच्या वेळी बोट टेकवलं. मागून धम्मदीपने अंगठा ठेवला.

दिवा लाल.

"पुन्हा लावा, साहेब," रखवालदार म्हणाला.

पुन्हा लाल.

त्याने अंगठा उजेडात धरला. जखम नव्हती. रेषाही नव्हत्या, एकसुद्धा नाही.

"काय झालं, सर?" कल्याणी थांबली होती.

"काही नाही," तो म्हणाला आणि मूठ मिटून त्याने डावा अंगठा लावला.