दोघींत एक परकर

ही गोष्ट अगदी खरी आहे. विश्वास नसेल तर आकुर्डीला या, मी स्वतः तुम्हाला आमचं दार दाखवते.

जानेवारी १९५७. शाळेच्या संमेलनाचा दिवस. दिवेलागणीची वेळ.

माझी आई, भागूबाई, महाळुंग्याची. लहानपणी घरात इतकं दारिद्र्य, की ती आणि तिची थोरली बहीण सरू, दोघींत मिळून एकच धड परकर होता. एक तो नेसून बाहेर जायची. दुसरी गोणपाट गुंडाळून दारामागे बसायची.

सरूमावशी पोरवयातच तापाने गेली.

दारामागेच...

आता वडील पिंपरीला औषधांच्या कारखान्यात आहेत. आईच्या ट्रंकेत चांगली लुगडी आहेत. पण मी बाहेर असले, की ती उंबरा ओलांडत नसे. शेजारच्या यशोदाबाई हसायच्या, "भागूबाई, लेक तुमचं लुगडं नेसून गेली काय?"

संमेलनात मी एकटी कविता म्हणणार होते. आणि मी झक्कास म्हणते, खोटं कशाला बोलू? पण दरवर्षी इतर पोरींच्या आया यायच्या, माझी नाही. त्या पोरींचा असा हेवा वाटायचा, की घास गिळवत नसे. या वेळी मी हट्टच धरला. आली नाहीस तर शाळा सोडते म्हटलं.

आई आली.

नवा डाळिंबी परकर नेसून मी उभी राहिले. टाळ्या पडल्या. आई मात्र सारखी मागे वळून दाराकडे बघत होती.

घरी आलो. आईने कुलूप काढलं, दार ढकललं.

उघडेना.

आतून कडी होती...

वडील कामावर. घरात कोणीच नव्हतं.

तेवढ्यात आतून गोणपाट घासल्यासारखा आवाज आला. खरखर... खरखर... दारापाशी येऊन थांबला.

"भागे, आलीस? काढ आता. मला जायाचंय."

आवाज माझ्याएवढ्या मुलीचा होता.

मी आईचा हात घट्ट धरला. तिने तो सोडवून घेतला. ती घाबरली नव्हती. हसत होती.

"काढ पोरी," ती म्हणाली. "लई वेळ बसलीय ती."

तिने मला पदराआड घेतलं. मी काढलेला परकर उंबऱ्यावर ठेवला.

कडी निघाली...

आत कोणी नव्हतं. खाली पाहिलं, तर परकरही नव्हता.

त्यानंतर आई माझ्याबरोबर सगळीकडे येते. चिंचवडच्या बाजारातसुद्धा. मला हवं होतं तेच झालं की.

पण चालता चालता ती थांबते. माझा हात सोडते. गर्दीत लांब काहीतरी डाळिंबी झळकतं... आणि आई त्याच्याकडे बघत राहते. इतक्या कौतुकाने तिने माझ्याकडे कधी पाहिलेलं नाही.

भीती वाटते, नाही असं नाही. पण त्याहून जास्त जळफळाट होतो.

काल मी आईला विचारलं, आम्ही दोघींनी एकदम हाक मारली तर तू कुणाकडे जाशील?

आई मागे वळून दाराकडे बघायला लागली.