शिडीची खुर्ची

"एक वेळ मी उपाशी राहीन, बाई, पण फसवणार नाही!" अर्बन सुतारानं टेबलावर अशी मूठ आपटली की चंदूच्या कपातला चहा बशीत सांडला.

वाकोल्याचा अर्बन तसा अबोल माणूस. पण आज त्याचा आवाज चढला होता आणि डोळ्यांत पाणी होतं.

अंधेरीत रत्नप्रभा राऊत खाजगी तपासाची कामं घेई. चंद्रप्रकाश ऊर्फ चंदू तिचा धाकटा भाऊ आणि मदतनीस. डोकं ताईचं, संताप याचा, अशी सरळ वाटणी.

हकिगत अशी. नव्या वाचनालयासाठी अर्बननं सागवानी खुर्ची केली होती. बसायची तर खुर्ची. पाठ धरून बिजागऱ्यांवर पुढे उलटवली की चार पायऱ्यांची शिडी. शनिवारी ती पोचली, रविवारी वाचनालयाचं उद्घाटन झालं आणि सोमवारी ग्रंथपाल नलिनीबाई वरच्या पायरीवरून कोसळल्या. पाय प्लास्टरमध्ये. आणि वाचनालयाच्या फळ्यावर नोटीस लागली: 'निकृष्ट काम करून फसवणूक करणाऱ्या अर्बन सुतारास कोणी काम देऊ नये.'

"दोन घरची कामं कालच परत गेली," अर्बन म्हणाला. "तीस वर्षांचं नाव माझं!"

"चल रे चंदू," रत्नप्रभानं पिशवी उचलली. "तुम्हीही हत्यारं घेऊन चला, अर्बन."

नोटीस फळ्याच्या पार वरच्या टोकाला होती, रस्त्यावरून दिसावी म्हणून. "शेजारच्या दुकानातलं स्टूल आणून सेक्रेटरी सायबांनी स्वतः लावली," झाडूवाली शेवंती म्हणाली.

"किल्ली कुणाकडे असते गं?"

"एक माझ्याकडं, एक सायबांकडं. पण बाई, मी खुर्चीला फडकं सोडून काही लावलं नाही! रविवारी तर मी नव्हतेच धड. सायबांच्या वडलांची पाटी उशिरा आली, सायब नुसते करवादत होते. मला हार आणायला पिटाळलं. आले तोवर पाटी लागलेली."

नलिनीबाईंची खोली मागेच होती. "शनिवारी मी तीनदा चढले," पाय उशीवर ठेवून त्या म्हणाल्या. "इतकीसुद्धा हलली नाही हो. सोमवारी मात्र डावी बाजू एकदम सुटली."

सेक्रेटरी गुणाजीराव दळवी मात्र ऐटीत होते. भिंतीवर त्यांच्या वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी, चार कोपऱ्यांत चार पितळी स्क्रू.

"सुंदर लागलीय," रत्नप्रभा म्हणाली.

"स्वतःच्या हातानं लावली! असल्या कामाला सुतार लागत नाही. आणि त्या अर्बनची बाजू घेऊ नका. पाहा ना, कसले स्क्रू मारलेत."

खुर्चीच्या डाव्या बिजागरीतून सुटलेले स्क्रू खरोखरच बोटाच्या पेराएवढे, लोखंडी निघाले. उजवीचे पितळी. चंदूचा चेहरा उतरला. वाट लागली, त्याला वाटलं. ताई मात्र अंबाड्यातला आकडा काढून मोकळ्या भोकांत घालत होती. आकडा खोल गेला आणि बाहेर आला तेव्हा टोकाला मेण होतं.

"अर्बन, स्क्रूला मेण लावता?"

"प्रत्येकाला. मे महिन्यात गावच्या क्रुसापुढे मेणबत्त्या लावतात ना, त्यांची थुटकं मी जपून ठेवतो. माझा बापही हेच करायचा. सागवानात स्क्रू अडत नाही मग."

"चंदू, लोखंडी स्क्रूला मेण आहे?"

"अजिबात नाही. कोरडे ठणठणीत."

"म्हणजे या भोकांत आधी लांब, मेण लावलेले स्क्रू होते. ते कुणीतरी काढले. कशाला? गुणाजीराव, पाथरवटानं पाटीबरोबर दिलेले स्क्रू कसे होते हो?"

गुणाजीरावांनी रुमालानं मान पुसली.

"मी सांगते. आखूड होते, पाटीतून भिंतीपर्यंत पोचेनात. पाहुणे यायची वेळ झालेली, रविवार म्हणून हार्डवेअरची दुकानं बंद. शेवंतीला बाहेर पाठवलंत, खुर्चीचे चार काढून पाटीला लावलेत आणि आपले आखूड खुर्चीला. अर्बन, त्या पाटीचा एक स्क्रू काढा."

अर्बननं पेचकस फिरवला. पितळी आट्यांमध्ये पिवळट मेण भरलेलं होतं.

"अहो, संध्याकाळी परत बदलणारच होतो!" गुणाजीराव पुटपुटले. "विसरलो."

"विसरलात?" चंदू कडाडला. "बाई पडल्यावर तरी आठवलं असेल ना! लाज नाही वाटली, बापाच्या नावाची पाटी मिरवायला दुसऱ्याचं नाव मातीत घालताना?"

अर्बननं उरलेले तीन स्क्रू काढले, पाटी गुणाजीरावांच्या हातात दिली आणि खिशातलं थुटूक काढून चारही स्क्रू नीट चोळले. शेवटचा बिजागरीत घट्ट बसेपर्यंत गुणाजीराव जड पाटी छातीशी धरून उभे होते. बसा म्हणून कुणी म्हटलं नाही.

"आता माफीची नोटीस लिहा," रत्नप्रभा म्हणाली. "आणि त्याच जागी लावा. अगदी वर."

"स्टूल..."

"स्टूल कशाला? शिडी आहे ना."

अर्बननं खुर्ची उलटवली. गुणाजीराव चौथ्या पायरीवर चढले. शिडी जराही हलली नाही. माफीची नोटीस त्यांनी स्वतःच्या हातानं लावली.