जिवंत बटाटा

खानावळीच्या मागच्या दारी मी बटाटे मागायला गेलो नसतो, तर राही मला भेटलीच नसती.

१९६२ सालचा एप्रिल. मी तुडील गावचा, सातवीपर्यंत शिकलेला, महाडच्या एका हायस्कुलात प्रयोगशाळेचा शिपाई होतो. सोमवारी तपासणीला साहेब यायचे होते, आणि दत्ताराम मास्तरांना एका प्रयोगासाठी बटाटे हवे होते. राही वारली त्याला आता आठ महिने झाले. हे मला लिहून ठेवायचं आहे.

दार तिनंच उघडलं. पदराला हात पुसत म्हणाली, "काय पायजे?"

"चार बटाटे. मोठे बघून. मध्ये खळगा करून त्यात साखरेचा पाक घालायचाय."

"पाक? बटाट्यात?" ती हसली. "कोण खातं तुमच्या शाळेत असलं?"

"खायला नाय. प्रयोग हाय."

"थांबा मग."

अर्ध्या तासानं तिनं फडक्यात बांधून बटाटे दिले. गरम लागले. उकडलेले होते.

"कच्चा कोरताना हात कापला असता तुमचा," ती म्हणाली.

माझ्या हाताची काळजी आजवर आईशिवाय कुणी केली नव्हती. दरवेळी कच्चेच लागतात हे सांगायचं सोडून मी ते बटाटे घेऊन आलो.

ते कोरले, ताटलीतल्या पाण्यात ठेवले, खळग्यात पाक ओतला आणि तो कुठवर आहे तिथं टाचणी टोचली. संध्याकाळपर्यंत पाक टाचणीच्या वर जायला हवा होता. जरासुद्धा गेला नाही. मास्तरांनी बटाटा दाबून पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"भागोजी, हा मेलाय रे! उकडलास तेव्हाच मेला. जिवंत बटाटा लागतो याला."

दुसऱ्या दिवशी रविवार. मी मागच्या दारी जाऊन राहीला सांगितलं. तिचा चेहरा उतरला.

"म्हंजे मी मारला त्याला?"

"तसं नाय…"

"तसंच हाय. मीच कोरून आणते दुसरे." मग खाली बघत म्हणाली, "चारला मला बघायला उमरठची माणसं येणार हायत. त्याआधी देऊन जाते."

मी "बरं" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? एका दिवसाची ओळख. रस्ताभर मात्र मला ते चार वाजणं टोचत राहिलं.

बाराच्या सुमारास ती शाळेत आली. बटाटे इतके नेटके कोरले होते की मास्तरांनाही जमलं नसतं. मी पाक ओतला, टाचण्या टोचल्या. ती निघाली… आणि दारातून परत आली.

"जरा बघू?"

आम्ही दोघं टेबलावर वाकलो. तासाभरात पाक टाचणीवर चढू लागला. मग टाचणी बुडाली. तिनं श्वास रोखला होता.

"कुणी पाणी घातलं?"

"कुणी नाय. ताटलीतलं पाणी बटाट्यातून वर येतंय. साखर त्याला ओढते, आणि बटाटा जिवंत असला तरच ते असं वर चढतं. मास्तर सांगतात, त्याच्या अंगात बारीक बारीक पेशी असतात, डोळ्याला न दिसणाऱ्या."

तिनं ताटलीतल्या पाण्यात बोट बुडवून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "आम्ही रातांब्याच्या सालीत साखर भरून बरणी उन्हात ठेवतो. पाण्याचा थेंब घालत नाय. तरी बरणी रसानं भरते. तिथं सालीतलं पाणी बाहेर येतं, इथं ताटलीतलं आत येतं. साखर जिकडं, पाणी तिकडं… हो ना?"

मी थक्क झालो. तीन वर्षं मी हे बटाटे मांडत होतो आणि घरी दर उन्हाळ्यात त्याच रातांब्याचं कोकम सरबत पीत होतो. दोन्ही एकच आहे हे मला कधी दिसलं नव्हतं.

"राही, चार वाजत आले."

"काठाला येऊ दे की."

"उमरठची माणसं…"

"मला घालवायची घाई झालीय तुम्हाला?" तिनं माझ्याकडे पाहिलं. "का मी थांबावं वाटतंय?"

तेवढ्यात दारातून आवाज आला, "राही! कुठं कुठं शोधायचं गो तुला?" तिची मावशी आनंदीबाई, खानावळीची मालकीण. "पावणे येऊन बसलेत! आणि तू इथं काय करतेस?"

"बटाटा बघतोय," मी म्हणालो. खरं तेच होतं, पण माझ्याच कानाला ते खोटं वाटलं.

"बटाटा!" मावशी टेबलाशी आली, आम्हाला दोघांनाही शेकून काढायच्या तयारीनं. तेवढ्यात पाक काठावरून ओघळला. मावशी वाकली. बोटानं चाखून पाहिला. पुन्हा वाकली. तिचा आवाज उतरला.

"हे… आपोआप?"

आम्ही तिघंही बघत राहिलो. तिकडं पाहुणे बसले होते. आता नाही बोललो तर कधीच नाही, हे मला कळत होतं.

"आनंदीबाई," मी म्हणालो, "मला राहीशी लग्न करायचंय."

मावशी सावकाश सरळ झाली. "तिला विचारलंस?"

"नाय."

"मग मला काय सांगतोस, मुडद्या?"

मी राहीकडे वळलो. विचारायच्या आधीच ती म्हणाली, "हो."

पाहुण्यांना परत पाठवायचं काम मावशीनं अंगावर घेतलं. तिघं निघालो तेव्हा राही पुढं, मध्ये मावशी, मागं मी. बाजाराच्या वळणावर राहीनं एकदा मागं पाहिलं. मावशीनं दोन्ही हातांनी तिचं डोकं धरलं आणि पुढं वळवलं. चार पावलांवर राहीनं पुन्हा मागं पाहिलं.