खांद्यावरचा पंचा

पहिल्याच भेटीत मी प्रीतमकडे शेण मागितलं. खरं तर आमचे सर येणार होते, पण त्यांची कंबर धरली आणि ठाण्याच्या प्रयोगशाळेतून आइसबॉक्स घेऊन मलाच आंबिवलीच्या त्याच्या तबेल्यात यावं लागलं. म्हशींची दोन पारडं हगवणीने गेली होती. तिसरं, शेवंती, मान टाकून पडलं होतं. हे आतड्यातल्या व्हायरसचं काम आहे का, आणि असलं तर तो पसरतोय कशातून, ते मला शोधायचं होतं.

"थोडं पातळ हवंय," मी म्हटलं.

"मॅडम, इकडे सध्या पातळच मिळतं." तो हसला नाही... पण डोळे हसले.

तेवढ्यात शेवंतीने शेपटी झटकली आणि माझा गाल माखला. प्रीतमने चटकन खांद्यावरचा पंचा पुढे केला. मी मागे सरकले. "नको — राहू द्या." कामाची सवय, दुसरं काही नाही. पण त्याचा चेहरा पडला, आणि ते मला घरी खोपटला पोहोचेपर्यंत टोचत राहिलं.

शेणात व्हायरस सापडला. पुढच्या आठवड्यात भिंती, बादल्या, पाण्याची टाकी तपासायला गेले, तर तबेला चकाचक. फिनेलचा घमघमाट, भिंतींना चुना, दारात चक्क रांगोळी.

"हे काय केलंत?"

"तुम्हाला घाण वाटलेली ना... मागच्या टायमाला."

"अहो, मला घाणच तर हवी होती! आता कशातून पसरतंय, ते कसं कळणार?"

शेवंती अजून उठत नव्हती, शेजारी बाकीची पारडं बांधलेली. मला खरंच राग आला होता. खाली वाकून त्याने पंच्याने शेवंतीचं तोंड पुसलं, मग लाडाने शेजारच्या पारडाचं. मी बघतच राहिले. सगळा तबेला धुतला होता, पंचा सोडून.

"तो पंचा द्या."

"आज गाल तर साफ आहे तुमचा."

"डब्यात घालायचाय."

व्हायरस त्या पंच्यातच होता. फोनवर सांगता आलं असतं, पण मी गेले. तो गवताच्या पेंढीवर मटकन बसला. "म्हणजे मीच...? लाड करून करून?"

त्याचे डोळे भरले, आणि माझं 'अहो' कुठे गळून पडलं, कळलंच नाही. "लाडाने नाही रे. सगळ्यांना एकच फडकं, म्हणून."

शेवंती वाचली. बाकीच्यांपैकी कुणी आजारी पडलं नाही. शेवटचे नमुनेही स्वच्छ आले. ते सांगायला गेले तेव्हा कल्याणच्या बाजारातून रंगीबेरंगी पंचे घेऊन गेले, प्रत्येक पारडाला वेगळा.

"एक जास्त आलाय," प्रीतम म्हणाला.

"तो तुझा. त्याने पारडांची तोंडं पुसायची नाहीत."

तो पंच्याच्या दशा उलगडत राहिला. "सँपल तर संपले, अमृता... आता तू कशाला येशील?"

"तू आवडतोस, म्हणून," मी म्हटलं. म्हणून टाकलं एकदाचं.

तो नुसता बघत उभा. शेवंतीला मात्र धीर नव्हता. तिने शेपटी झटकली, माझा गाल पुन्हा माखला, आणि प्रीतमने तो नवा पंचा हातात धरून माझ्याकडे पाहिलं — विचारल्यासारखं.

मी गाल पुढे केला.