पाण्याला सांगितलेलं

पाइप धुवायचं काम तसं सोपं असतं. गल्लीच्या वरच्या चेंबरमधून लाईनमध्ये स्पंजाचा जाड बोळा घालायचा, मागून जोरात पाणी सोडायचं आणि खालच्या तोंडाशी उभं राहून वाट बघायची. बोळा आतला गंज खरवडत पुढे सरकतो. खालच्या तोंडातून आधी काळं पाणी पडतं, मग तांबडं, मग फिकट चहाच्या रंगाचं आणि शेवटी स्वच्छ. लोक टाळ्या वाजवतात.

माझं काम त्याहून सोपं. मी आमच्या गावच्या पाणीखात्यात कान लावणारा आहे. लोखंडाची लांब सळई असते, तिच्या वरच्या टोकाला लाकडी वाटी. सळई कॉकवर टेकवायची, वाटी कानाला लावायची आणि जमिनीखाली पाइप कुठे फुटलाय ते सांगायचं. चोवीस वर्षं हेच करतोय. माझी बायको मुहय्यो म्हणायची, या माणसाला जमिनीखालचं सगळं ऐकू येतं, फक्त शेजारी बसलेल्याचं ऐकू येत नाही. तिला जाऊन बावीस वर्षं झाली.

त्या दिवशी धुवायची होती ती लाईन आमच्याच सायबोय गल्लीची. आमच्या भाषेत साय म्हणजे ओढा. गल्लीचं नाव ओढाकाठ आणि नळाला पाणी दिवसातून दोन तास. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. त्या उन्हाळ्यात शेजारच्या तीन गल्ल्यांत नवे प्लास्टिकचे पाइप पडले. आमची पाळी आली आणि पाइप संपले. आमचे हाशिमोव साहेब कचेरीत बसून उंटावरून शेळ्या हाकणारे. ते म्हणाले, "तुमची लाईन नुसती धुऊन घेऊ. एर्गाशनं एकदा कान लावला, मजबूत आहे म्हणून सही केली, की झालं."

मी सही करणार होतो. खोटं कशाला सांगू? माझी एकुलती एक मुलगी इंतिझोर त्याच गल्लीत, माझ्याच घरात, सातव्या महिन्यात होती. तिचा नवरा रशियात इमारतींवर कामाला. तरीही मी करणार होतो. एकदा खोटी सही केलेल्या हाताला दुसरीचं काही वाटत नाही.

नोव्हेंबरातली सकाळ होती. धुकं इतकं उतरलं होतं की समोरचं दार दिसेना, आणि त्या धुक्यात घराघरांतल्या चुलींतून पऱ्हाट्यांचा धूर मिसळला होता. गल्लीतले सगळे पुरुष कुणाच्या तरी लग्नाचा पुलाव खायला गेले होते. माझा मदतनीस मामासोली वरच्या व्हॉल्व्हवर होता. त्यानं बोळा आत सोडला, पाणी सोडलं. मी खाली पंधरा मिनिटं उभा राहिलो, वीस मिनिटं राहिलो. काही आलं नाही.

"एर्गाश-अका!" मामासोली धुक्यातून ओरडला. "बोळा आला का?"

"पुलाव खायला गेला असेल," मी म्हटलं. "अडकलाय कुठेतरी. पाणी चालू ठेव, मी बघतो."

बोळा अडकला की मागचं पाणी त्याच्या कडांतून फुसफुसतं. तो आवाज शोधत जायचं. प्रत्येक घराच्या फाटकाशी जमिनीत एक खड्डा असतो, त्यात त्या घराचा कॉक. मी एकेका कॉकवर सळई टेकवत निघालो. पहिल्या तीन घरांशी फुसफुस ऐकू आली आणि तिच्याबरोबर गळतीची सूं सूं. एक नाही, पाच-सहा ठिकाणी. पाइप चाळणी झाला होता. गंजाचे पोपडे होते म्हणूनच तो अजून पाइप होता, आणि तेच पोपडे आम्ही खरवडायला निघालो होतो. लाईन कोरडी पडली की त्या भोकांतून शेजारच्या संडासाच्या खड्ड्यांचं पाणी आत ओढलं जातं. मग कावीळ. हे मला शाळेतल्या पाढ्यांसारखं पाठ आहे.

चौथं घर तोजिखोन खोलाचं; आम्ही मावशीला खोला म्हणतो. सळई टेकवली आणि फुसफुशीच्या आत कुणीतरी बोलतंय असं वाटलं.

कुणाचा तरी रेडिओ असेल, असं वाटलं. लोखंडातून आवाज लांबून येतात. मी मामासोलीला ओरडून पाणी बंद करायला लावलं. फुसफुस थांबली. पाइपात पाणी हलेना. अशा पाइपाचा आवाज येत नाही, येऊच शकत नाही. चोवीस वर्षांत आला नाही.

बोलणं मात्र स्पष्ट झालं.

बाईचा आवाज होता, तरुण, झोपेतून नुकतीच उठल्यासारखा. "...त्यांचे बूट दाराबाहेर होते. उचलायला गेले तर जड लागले... आत माती होती, काठोकाठ... वाहत्या पाण्या, ऐकलंस ना, घेऊन जा..."

आमच्याकडे वाईट स्वप्न माणसाला सांगत नाहीत. सकाळी उठल्यावर, कुणाशी एक अक्षर बोलायच्या आधी, वाहत्या पाण्याला सांगायचं. पाणी ते घेऊन जातं. पूर्वी बायका त्यासाठी कालव्यावर जायच्या. गल्लीत लाईन आली तेव्हापासून स्वयंपाकघरातला नळ उघडतात आणि त्याच्यापाशी वाकून कुजबुजतात.

मी मान वर केली तर खोला फाटकात उभी होती, शाल गुंडाळून. पासष्टीची म्हातारी. हातात रिकामी बादली.

"पाणी कधी सोडणार रे एर्गाश? का आता अल्लाकडेच मागायचं?"

मी विचारायला नको होतं. पण तोंडातून गेलं. "खोला, तुझ्या स्वप्नात कधी... बूट आले होते? मातीनं भरलेले?"

तिनं बादली खाली ठेवली.

"कुणी सांगितलं तुला?"

"तू कुणाला सांगितलं होतंस?"

"कुणाला नाही." तिचे ओठ पांढरे पडले. "हे अफगाणिस्तानात लढायला गेले होते तेव्हाची गोष्ट. मी फक्त नळाला सांगितलं... आणि पंधरा दिवसांत यांची शवपेटी आली."

"नळाला पाणी होतं तेव्हा?"

तिनं रिकाम्या बादलीकडे बघितलं. "नव्हतं. नुसता फुस्स करत होता. म्हटलं, येईल मागनं."

येईल मागनं! चाळीस-पन्नास वर्षं या गल्लीतल्या बायका पहाटे उठून कोरड्या नळापुढे वाकत आल्या. पाणी नसलेला नळ आत ओढत असतो, हे कुठल्याही प्लंबरला विचारा. वाहून जावं म्हणून जे जे सांगितलं ते सगळं पाइपानं आत ओढून घेतलं आणि गंजात धरून ठेवलं. आणि आम्ही वर्षानुवर्षं त्याच पाइपातलं पाणी पीत आलो.

मी खोलाला घरात जायला सांगितलं. ती जाता जाता म्हणाली, "एर्गाश बाळा, पुढं नको ऐकूस." पण बोळा सापडायचा होता, आणि पुढचं घर माझं होतं.

आता ती सही. कामाला लागून दोन वर्षं झाली होती, अजून कायम केलं नव्हतं. सायबोयची लाईन बदलायला पाइप आले होते, पण तेव्हाच्या साहेबांना ते त्यांच्या मेव्हण्याच्या गल्लीत हवे होते. सायबोयचा पाइप मजबूत आहे असा कागद हवा होता. मी इमानानं कान लावला. गळती ऐकली. मोजली. मग सही केली आणि दुसऱ्याच आठवड्यात कायम झालो. दोन महिन्यांनी गल्लीतल्या नऊ घरांत कावीळ शिरली. मुहय्यो पाच महिन्यांची पोटुशी होती. गरोदर बाईला ही कावीळ सोडत नाही. नवव्या दिवशी गेली, पोटातल्यासकट. इंतिझोर दोन वर्षांची होती. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. माणसालाही नाही आणि पाण्यालाही नाही.

माझ्या फाटकाशी गुडघे टेकले. मघाशी फुसफुस याच बाजूनं येत होती, म्हणजे बोळा तिथेच होता. खड्ड्यात पाइपाला हात लावला तर थंडगार आणि किंचित थरथरता. पाणी बंद, मग हे काय थरथरतंय? मी घराचा कॉक आवळून बंद केला. सळई टेकवली. वाटी कानाला लावली.

आधी नुसता श्वास. मग...

"...स्वप्नात यांनी मला पाणी दिलं." तो आवाज मी बावीस वर्षं ऐकला नव्हता, आणि ओळखायला मला एक क्षणही लागला नाही. "पियाल्यात... स्वतःच्या हातानं. मी प्याले. म्हटलं, तुम्ही नाही घेत? तर म्हणाले, नको... मला माहीत आहे. एवढंच. मला माहीत आहे... वाहत्या पाण्या, हे घेऊन जा. यांच्यापर्यंत जाऊ देऊ नकोस..."

मग पुन्हा श्वास. आणि पुन्हा पहिल्यापासून, त्याच शब्दांत. "स्वप्नात यांनी मला पाणी दिलं..."

किती वेळा ऐकलं, सांगता येणार नाही. मामासोली येऊन खांदा हलवत होता. "अका, साहेबांचा फोन! अका, रडताय का काय तुम्ही?"

हाशिमोव साहेब घाईत होते. "झाली का धुऊन? कागद पाठवतोय, सही कर."

"पाइप सडलाय," मी म्हटलं. "धुतला तर गल्ली मरेल. बदलायलाच हवा. मी सही करत नाही."

पलीकडे हसण्याचा आवाज आला. "बावीस वर्षांपूर्वी बरी केलीस? तो कागद माझ्या कपाटात आहे, एर्गाश. मूठ झाकलेलीच ठेव. तुला जमत नसेल तर मामासोली करील. त्यालाही कान आहेत." फोन बंद.

मामासोली जमिनीकडे बघत होता. त्याला डाव्या कानानं ऐकूच येत नाही, हे सगळ्या खात्याला ठाऊक आहे. "अका, माझी चार पोरं आहेत," तो म्हणाला. मला तर सही केली तेव्हा एकच होती.

म्हणजे बोळा निघणार होता, लाईन धुतली जाणार होती, संध्याकाळी स्वच्छ, चमकतं पाणी येणार होतं आणि लोक आम्हाला दुवा देणार होते. राहिलं एकच. इंतिझोरला ते पाणी पिऊ द्यायचं नाही. पण ती विचारणार, का? पाणी तर स्वच्छ दिसतंय. आणि त्या का-चं उत्तर दिलं की मी तिचा बाप उरणार नव्हतो.

ती स्वयंपाकघरात नानासाठी पीठ मळत होती. मी बूटही काढले नाहीत. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. गळती कशी मोजली, सही कशी केली, कायम कसा झालो. तिच्या आईला मीच मारलं, असंही म्हणालो. ती पीठ मळतच होती.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"सही. नऊ घरं. सगळं. मी सहा वर्षांची असल्यापासून."

"कुणी सांगितलं?" ते साहेब केव्हाच मेले. कागद पाहिलेला एकटा हाशिमोव, आणि त्यानं माझ्या मुलीला कधी पाहिलंही नव्हतं. "इंतिझोर, कुणी सांगितलं?"

तिनं त्याचं उत्तर दिलं नाही. हात पुसले आणि पोटावर ठेवले. "मी या नळाचं पाणी पीत नाही, बाबा. तुम्ही पहाटे कामावर जाता ना, मग मी टेकडीखालच्या झऱ्यावर जाते. लहानपणापासून. याच्यासाठीही तेच आणते."

मला हायसं वाटलं. मी चुलीपाशी बसलो, तोंडावर हात फिरवून अल्लाचे आभार मानले. वाचली. पोर वाचली. मग हळूहळू दुसरी गोष्ट डोक्यात शिरली.

"इंतिझोर... आणि माझ्या उशाशी रोज सुरई भरून ठेवतेस, ती?"

"ती नळाची," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "न उकळता. पहिल्यापासून."

 

तेवढ्यात नळ वाजला. घराचा कॉक मी स्वतः आवळला होता, लाईन वरून बंद होती, नळाची चावी घट्ट फिरवलेली. तरी वाजला. फुस्स केलं नाही त्यानं. आत ओढलं... एक लांब श्वास, घशातून घेतल्यासारखा.

इंतिझोर पोट सांभाळत मोरीपाशी गेली आणि नळाजवळ वाकली. लहान मूल कानात काही सांगायला लागलं की आपण वाकतो तशी.

"हो, आई," ती हळू म्हणाली. "हो... आज सांगितलं त्यांनी."

मग बराच वेळ ऐकत राहिली. मधूनच मान हलवत होती. बाहेर मामासोलीनं पाणी पुन्हा सोडल्याची हाक दिली. ती सरळ झाली, फडताळातला एक पियाला काढला, नळाखाली धरला, कॉक बंद असूनही तो भरला, आणि ती माझ्याकडे वळली. चेहरा अगदी रोजचा.

"बाबा," ती म्हणाली, "आई विचारतेय... तहान लागलीय का तुम्हाला?"