हॉर्न वाजवू नये

भूत म्हटलं की लोक मध्यरात्र धरून चालतात. माझ्या बाबतीत दुपार होती. १९९४च्या एप्रिलमधली, रणरणती. जागा म्हणजे घोडबंदर गावाच्या अलीकडचं, खाडीच्या बाजूचं वळण. ज्यांना हे खोटं वाटेल त्यांना खुशाल वाटू दे, मी पटवत बसणार नाही. जे झालं ते सांगते.

मी सुचेता. तेव्हा एका खासगी कंपनीत रस्त्यावरच्या आवाजाचा सर्व्हे करायचे. मीरा-भाईंदरला भराभर इमारती उठत होत्या. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत गाड्या किती वाढतील आणि घरात बसलेल्या माणसाच्या कानावर किती आवाज आदळेल, हे आधीच काढून द्यायचं, हे आमचं काम. मी आवाज मोजायच्या मीटरचा काटा बघायचे, माझा जोडीदार, उत्तनचा मेल्रॉय, गाड्या मोजायचा. मोजणी चालू असताना बोलायचं नाही, हा नियम.

साहेबांनी या हिशोबासाठी धरलेलं सूत्र परदेशातलं. तिकडे म्हणे कोणी हॉर्न वाजवत नाही, म्हणून सूत्रात हॉर्नला जागाच नव्हती. आणि त्या वळणावर प्रत्येक ड्रायव्हर हॉर्न द्यायचा. समोर काही असो वा नसो. आमच्या आकड्यांचा पार विचका व्हायचा. शेवटी साहेबांनी दोन पाट्या करून दिल्या. 'सर्वेक्षण चालू. हॉर्न वाजवू नये.' त्या दिवशी आम्ही वळणाच्या दोन्ही बाजूंना एकेक पाटी ठोकली. लाल अक्षरं बघून लोकांना ती पोलिसांची वाटली असावी. चक्क पाळू लागले.

काम संपलं की माझे मिस्टर, उत्तम, स्कूटरवरून मला न्यायला येणार होते. भाईंदरच्या जेसल पार्कला राहायला जागा बघायची होती.

वळणावर चंपामावशी ताडगोळे विकायला बसायची. पाटीवर काय लिहिलंय ते तिने मेल्रॉयला विचारलं. त्याने वाचून दाखवलं, आणि तिने टोपली उचलली. अर्धी टोपली अजून भरलेली होती.

"निघालीस का गं मावशी?" मी विचारलं.

"हितं भोंगा न वाजवता कोन जात न्हाय, बाय."

एवढंच. मागे वळूनही न बघता ती गेली. मला हसू आलं होतं, खरं सांगते.

थोड्या वेळाने वळणावरून एक टेम्पो आला. हॉर्न नाही. म्हटलं, छान. काट्याकडे बघितलं तर...

काटा खाली पडत होता.

गाडी जवळ आली की काटा चढतो. हा तळाला गेला. माइकवर कुणी तळहात ठेवावा तसा. मी मान वर केली. टेम्पो समोर होता, चाकं फिरत होती, आवाज नव्हता. कावळेही गप्प. करंजाच्या झाडापाशी त्याने करकचून ब्रेक मारला...

ब्रेकचाही आवाज आला नाही.

मग सगळे आवाज एकदम परत आले. ड्रायव्हर उडी मारून उतरला आणि गाडीखाली वाकून बघू लागला.

"मेरी बच्ची खडी थी," तो म्हणाला.

मेल्रॉयने त्याला समजावलं की रस्त्यावर कोणीच नव्हतं.

"वो तो गाँव में है," तो स्वतःशीच म्हणाला, आणि हॉर्नवर हात दाबून ठेवतच निघून गेला.

मी मीटरची बॅटरी तपासली. व्यवस्थित होती.

पुढे एक फियाट आली. काटा पुन्हा तळाला. तिने ब्रेक मारला तो झाडाच्या अलीकडे, मैलाच्या दगडापाशी. आतला माणूस उतरला नाही. काचेतून रस्त्याकडे बघत बसला, मग गेला.

मग बस. ती थांबली विजेच्या खांबापाशी. आतली माणसं पुढच्या सीटवर आदळली...

एकाचंही ओरडणं ऐकू आलं नाही.

मेल्रॉयने गळ्यातला क्रूस मुठीत धरला होता. नियम मोडून तो बोलला.

"मॅडम, पहिलं झाडापाशी. मग दगडापाशी. आता खांबापाशी. आपल्याकडं येतंय."

खांबाच्या अलीकडे फक्त आम्ही होतो.

आणि त्याच रस्त्याने उत्तम येणार होते. पाटी दिसली की पाळणारा माणूस.

मेल्रॉयला म्हटलं, ही पाटी उपट. दुसरी वळणाच्या पलीकडे होती. मी कडेकडेने धावत सुटले. खांब ओलांडला आणि...

माझ्या चपलांचा आवाज बंद झाला.

मग श्वासाचा. छाती धपापत होती, पण ऐकू काहीच येत नव्हतं. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही. परत फिरावंसं वाटत होतं. तेवढ्यात वळणावर आमची स्कूटर दिसली.

मी ओरडले. घसा फाटेस्तोवर ओरडले. तोंडातून आवाज निघाला नाही.

उत्तम माझ्याकडे बघतच नव्हते. ते बघत होते रस्त्याच्या मधोमध...

तिथे कोणी नव्हतं.

स्कूटर आडवी झाली आणि घसरत गेली. मग मला पहिला आवाज ऐकू आला तो त्यांच्या कण्हण्याचा. जिवंत आहेत, एवढंच कळलं आणि मी रडायला लागले.

मेल्रॉयने रिक्षा थांबवली. दवाखान्यात जाताना हे चिडूनच बोलले.

"मधोमध कशाला उभी राहिलीस?"

"मी कडेला होते, अहो."

"मी तुला ओळखत नाही का? समोर उभी होतीस. आणि अशी बघत होतीस, जशी मला कधी पाहिलंच नाहीस."

खांद्याचं हाड मोडलं होतं, ते जुळलं. मी ती नोकरी सोडली, दुसरी धरली. टेम्पोवाल्याच्या मुलीचं पुढे काय झालं, ते मला माहीत नाही.

जेसल पार्कला जागा घेतली, दुसरा मजला. तेव्हापासून हे घरी आले की खालून हॉर्न देतात. मी गॅलरीत यायचं, हात करायचा, मगच हे जिना चढणार. शेजारी कुरकुरतात. यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही. मला कारण माहीत आहे, त्यांनाही.

गेल्या आठवड्यात मला ऑफिसातून निघायला उशीर झाला. कोपऱ्यावर भाजी घेत होते, तेव्हा आमच्या स्कूटरचा हॉर्न ऐकला. म्हटलं, थांबतील.

गेटपाशी पोचले तर स्कूटर लावलेली होती. हे अर्ध्या जिन्यात.

मी हाक मारली. हे वळले. माझ्याकडे बघितलं, भाजीच्या पिशवीकडे बघितलं. चेहरा पांढरा पडला.

"आत्ता गॅलरीतून हात केलास ना तू?"

मी काही बोलायच्या आत वर...

आमच्या दाराची कडी आतून निघाली.

आम्ही तसेच मागे फिरलो. सध्या नवघरला माझ्या बहिणीकडे, उर्मिलाकडे राहतोय. शेजाऱ्यांनी फोनवर सांगितलं की दार उघडंच आहे. कुलूप लावायलाही आम्ही अजून वर गेलेलो नाही.