कार्ड कुठवर ताणायचं

तो दुकानात शिरला तो थेट महामायाच्या चहावरच.

दुकान तळघरात होतं. नांदेडच्या वजिराबादेतल्या गल्लीत वर कापडाची दुकानं, आणि अंधारा जिना उतरलं की खाली महामाया आणि तिचा धाकटा भाऊ प्रीतम यांचं कॉम्प्युटरचं दुकान. बाहेर मार्गशीर्षातलं मळकट आभाळ दोन दिवस हललं नव्हतं. तिने शेवटच्या पायरीजवळच्या स्टुलावर नुकताच कप ठेवला होता, तेवढ्यात छातीशी मोठं खोकं कवटाळून एक उंच तरुण खाली आला. स्टुलाला त्याचा गुडघा लागला आणि सगळा चहा तिच्या ओढणीवर.

"अहो, समोर बघून चाला की!"

"समोरच बघत होतो," तो म्हणाला.

आणि खरंच — तो तिच्याकडेच बघत होता. इतका सरळ, इतका टक लावून, की ओढणी झटकायच्या निमित्ताने तिलाच मान खाली घालावी लागली. मागे प्रीतम खोकल्याचं सोंग करून हसला.

त्याचं नाव मिहिर. लातूरला अकरावी-बारावीच्या क्लासमध्ये तो फिजिक्स शिकवायचा. महामाया पडद्यावरचं चित्र पळवणारी ग्राफिक्स कार्डं तपासून त्यांचे मराठी व्हिडिओ टाकायची. ते बघूनच तो आला होता.

"हैदराबादच्या एका माणसाकडून घेतलंय. वापरलेलं आहे, पण वरच्या दर्जाचं," खोकं उघडत तो म्हणाला. "गेमिंगला कसं चालतं ते बघायचंय. आणि ओव्हरक्लॉक करून कुठवर जातं, तेही."

तिने कार्ड दोन्ही हातांनी उचललं. तीन पंख्यांचं, विटेसारखं जड. असलं कार्ड तिच्या हाती क्वचितच यायचं, पण चेहऱ्यावर तिने तसं दाखवलं नाही.

"कंपनीनं ठरवल्यापेक्षा जास्त पळवायचं म्हणजे गरम होणार, वीज खाणार, आयुष्य कमी होणार. माहीत हाय ना?"

"माहीत आहे."

"आणि लातुरात तपासणारं कुणी नव्हतं?"

"होतं की. पण त्यांच्याकडचा चहा कसा असेल, याची खात्री नव्हती."

"इथला तरी कुठं प्यायलात? सांडलात."

तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर बारीक रेघ उमटायची... हे तिने पाहिलं, आणि आपण पाहिलं म्हणून स्वतःवरच चिडून स्क्रू खोलायला घेतले.

कार्ड बसवलं, पावसात भिजलेल्या शहराचा एक गेम सुरू केला. ओला रस्ता, त्यात उलटे पडलेले दिवे, पुढे निघून जाणाऱ्या गाड्या. चित्र कुठेही अडखळत नव्हतं. मिहिर पडद्याला नाक लावल्यासारखा पुढे सरकून बसला होता आणि मान सारखी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत होता.

"मान काय हलवून राहिलात हो? टेनिसची मॅच हाय का?"

"रस्ता मोठा आहे," तो एवढंच म्हणाला.

थोड्या वेळाने तापमान वर चढायला लागलं, एक पंखा कुरकुरला. आतली, उष्णता बाहेर काढणारी पेस्ट वाळली होती, ती खरवडून नवी लावावी लागणार होती. कार्ड ठेवून घ्यावं लागेल, असं ती सांगत होती, तोच तो घड्याळ बघून उठला.

"दोनची लातूर गाडी पकडायचीय मला."

"चारला हाय की. सहाला पण हाय."

"नको. अंधार पडायच्या आत घरी पोचावं लागतं."

"आई रागावते का?" तिने डोळे मिचकावले.

"हो," तो म्हणाला. "लई."

तिच्या बोलीतला तो शब्द त्याच्या तोंडून असा काही ओघळला, की तो जिना चढून गेल्यावरही ती बराच वेळ उगाच हसत राहिली.

मग फोन सुरू झाले. पेस्ट बदलली, तापमान उतरलं, पंखा गप झाला — ती रोज एकेक बातमी कळवायची. दुसरी गिऱ्हाइकं सेकंदाला किती फ्रेम पडतात ते विचारायची. हा विचारायचा, "रात्रीचा रस्ता कसा दिसतो?"

"दिसतो की चांगला."

"चांगला म्हणजे? सांगा ना नीट."

मग दुकान आवरताना ती त्या गेममधल्या शहरात चक्कर मारायला लागली. बंद दुकानाच्या फळीखाली एक मांजर बसतं. डबक्यात हिरव्या पाटीची अक्षरं थरथरतात. धुक्यात पिवळा दिवा विरघळल्यासारखा होतो. ती सांगायची, तो ऐकायचा... पलीकडे नुसता त्याचा श्वास. हळूहळू तिला घरी जाताना नांदेडचेही रस्ते दिसायला लागले. एवढी वर्षं त्याच रस्त्याने जात होती, आणि तिने कधी काही पाहिलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी तो आला. त्या दिवशी त्याने नवा निळा शर्ट घातला होता आणि तिने काजळ. दोघांनी एकमेकांना त्याबद्दल काही म्हटलं नाही.

ती कार्डाचा वेग टप्प्याटप्प्याने वाढवत गेली. वाढवायचा, चाचणी लावायची, तापमान बघायचं, पुन्हा वाढवायचा. पंख्यांचा आवाज घोंघावत चढत गेला. तिच्या खांद्यावरून तो पडद्याकडे बघत होता, त्याचा श्वास तिच्या केसांपर्यंत येत होता, आणि तिची बोटं बटणांवर चुकत होती. मग अचानक ओल्या रस्त्यावर हिरवे चौकोन उसळले. चित्र फाटलं.

"बस. एवढंच," तिने वेग मागे घेतला. "थोडं मागं येऊन थांबलं तर चालेल. पण खरं सांगू? ताणूच नका याला. उलट वीज जरा कमी द्या, वेग कंपनीचाच ठेवा. थंड राहील. दहा वर्षं काढेल."

"दहा वर्षं काय करू? चार चाललं तरी पुरे. चार वर्षं जेवढं चांगलं दाखवता येईल, तेवढं दाखवू दे त्याला."

"का? परदेशात चाललात का?" तिने हसत विचारलं.

"तसंच समजा."

असं होय! म्हणजे मांजर बघा, डबकं बघा, हे सगळं जाणाऱ्या माणसाच्या करमणुकीला. तिला राग आला. "ठीक हाय. ताणू मग," ती म्हणाली आणि वेग पुन्हा वर नेला.

त्याच क्षणी वीज गेली. एवढ्या कार्डाचा भार यूपीएसला पेलवला नाही. तोही एकदा चिरकून बंद पडला. तळघरात मिट्ट काळोख झाला.

"थांबा, मोबाइल कुठं ठेवला मी..." ती चाचपडत म्हणाली. "प्रीतम जेवायला गेलाय. थोडं थांबा, डोळे सरावतील."

"माझे नाही सरावणार."

आवाज तोच होता, पण त्यातलं हसू कुणीतरी काढून घेतल्यासारखं.

तिला मोबाइल सापडला. उजेडाच्या त्या पट्ट्यात तो उभा होता तसाच होता, टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून. समोर उजेड होता तरी त्याची नजर भलतीकडेच होती.

वर गल्लीत आल्यावर, कापडाच्या दुकानाच्या ओट्यावर बसून त्याने सांगितलं. डोळ्यांचा पडदा कडेकडेने विझत चालला होता. आधी रात्र गेली. दिवेलागणीनंतर सगळं काळं. मग बाजूचं दिसेनासं झालं. आता समोरचं तेवढं उरलं होतं, किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखं. हैदराबादचे डॉक्टर म्हणाले होते, चार वर्षं, कदाचित थोडी जास्त. त्याच्या आजाराच्या प्रकारावर औषध नव्हतं.

"गेममधली रात्र उजेडाची असते," तो म्हणाला. "तिथं मला फिरता येतं. म्हणून हे कार्ड."

महामाया ओढणीचं टोक पिळत बसली. ते स्टूल, तो चहा, ते मान फिरवणं... "टेनिसची मॅच हाय का," असं आपण म्हणालो होतो.

"मला आधी का नाही सांगितलं?"

"पहिल्याच दिवशी तुम्ही माझ्यावर ओरडलात. दोन वर्षांत कुणी ओरडलं नव्हतं हो माझ्यावर. सगळे कसे... जपून बोलतात. वाटलं, थोडे दिवस तरी कुणीतरी ओरडावं."

तिला रडू आलं. ते त्याला दिसलं, कारण ती नेमकी त्याच्या समोर बसली होती. तो लगेच उठला.

"हे असं होतं, म्हणून," तो म्हणाला. "कार्ड कुरिअरने पाठवा."

त्यानंतर त्याने फोन उचलला नाही. आभाळ मोकळं झालं, थंडी पडली. महामायाने कार्ड पुसून खोक्यात ठेवलं, चिकटपट्टी लावली, पत्ता लिहिला, आणि खोकं तिथंच राहिलं. गिऱ्हाइकाशी ती धड बोलेना. दुसऱ्या एका कार्डाचा व्हिडिओ करायला बसली आणि रात्रीचा रस्ता आला तशी मधेच उठून गेली.

शेवटी प्रीतमच म्हणाला, "ताई, कुरिअरात लई आदळआपट करतेत. हातानं नेऊन दे."

तिने खोक्याची सुटलेली चिकटपट्टी नखाने दाबून बसवली.

"पण इचार करून जा," तो खाली बघत म्हणाला. "दया येऊन जाशील आन् मंग माघारी फिरशील, तर त्या माणसाला लई लागंल."

तिने विचार केला. कामाला जाताना केला, जेवताना केला, रात्री आईशेजारी जागी पडून केला. आणि एका सकाळी खोकं मांडीवर घेऊन लातूर गाडीत बसली.

दार त्याच्या आईने, चंद्रप्रभाबाईंनी उघडलं. निवृत्त शिक्षिका, बारीक चणीच्या. घरातलं सगळं सामान भिंतींना लावलेलं, मधे साधा पाटही नव्हता. त्यांनी खोक्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तूच का महामाया?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ये. तो हल्ली तो गेमसुद्धा लावत नाही."

मिहिर खुर्चीतून उठला. मग ती सरळ कामालाच लागली. जुनं कार्ड काढलं, नवं बसवलं. पडदा उजळला.

"वेग किती ठेवलात?" त्याने विचारलं.

"तुम्ही म्हणालात तेवढा. ताणून. फक्त चित्र फाटणार नाही एवढा मागं."

तो बसला. ओला रस्ता, डबकी, पिवळे दिवे. बोटं फिरायला लागली तसा त्याचा चेहरा सैल होत गेला. "चला, तुम्हाला फिरवून आणतो," तो म्हणाला आणि त्या रात्रीतून कसा भरभर निघाला! बोळ ओलांडले, पुलाखालून गेला, पायऱ्या चढला, कुठेही ठेच नाही. महामाया पडद्याकडे बघतच नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती. बाजूने. तिथलं त्याला दिसत नव्हतं.

"मला तुम्ही आवडता," ती म्हणाली.

त्याची बोटं थांबली. गेममधला पाऊस पडत राहिला.

"असं बोलू नका."

"विचारायला नाही आले मी. सांगायला आले."

"महामाया, तुमचा चेहरा माझ्या लक्षात आत्ताचाच राहणार. तुम्ही म्हाताऱ्या व्हाल, मला कळणारसुद्धा नाही."

"मग फायदा माझाच हाय."

तो हसला — आणि हसता हसता त्याचा आवाज फुटला. त्याने तोंड वळवलं. "थट्टा नाही ही. सगळं आयुष्य दुसऱ्याला वाट दाखवत काढायचं, कशाला? मी हो म्हणू शकत नाही."

"नका म्हणू," ती म्हणाली. "मी परत येईन, तेव्हा पुन्हा नाही म्हणा."

चंद्रप्रभाबाई चहा घेऊन आल्या, ठेवून गेल्या. कुणी तो प्यायलं नाही. खिडकीतला उजेड राखाडी झाला, मग तोही सरला. महामाया उठली. मुक्कामाला ती गावाबाहेर पंचफुलामावशीकडे जाणार होती; कोपऱ्यावरून रिक्षा मिळाली असती.

"येते मी."

तिने चप्पल घातली. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"थांबा. कोपऱ्यापर्यंत सोडायला येतो."

स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज बंद पडला. चंद्रप्रभाबाई दारात आल्या, हात पुसायचा राहिला होता. दिवेलागणीनंतर दोन वर्षांत तो उंबऱ्याबाहेर पडला नव्हता. मग त्यांनी बाजूला होऊन वाट दिली.

बाहेर रस्त्यावरचे दिवे अर्धे बंद होते. त्याने हात पुढे केला, हवेत जरा चाचपडला, मग तिच्या कोपराला धरलं. बोटं गार पडली होती.

"खाली पायरी हाय. आता डावीकडं. इथं खडी पडलीय... सावकाश."

"तुम्ही घाई करताय."

"तुम्हीच वाकडे चालताय."

"ओरडा," तो म्हणाला. "चालेल."

कोपऱ्यावर एकच रिक्षा उभी होती. "कुठं जायचं, ताई?" रिक्षावाल्याने विचारलं.

तिने मिहिरकडे पाहिलं. तो अंधारात ताठ उभा होता, नजर कुठेतरी वर, कोपर अजून धरलेलं.

"आता तुम्हाला घरी कोण सोडणार?" तिने विचारलं.

त्याने विचार केला. हा प्रश्न त्याच्या डोक्यातच आला नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर लख्ख दिसलं.

"तू," तो म्हणाला.

"आणि मग मला?"

"...मी."

रिक्षावाला दोघांकडे आळीपाळीने बघायला लागला. महामायाने डोळे पुसले. "दादा, जरा थांबा," ती म्हणाली, "यांना घरी सोडून येते." आणि ती वळली, तसा तोही तिच्याबरोबर वळला.